नाव घेतल्याबिगर खाली ठेवलेलं गाणं

ये गं बाई, सरक अशी जवळ. कागदावरच बसवते तुला, कारण खऱ्यानं तू काही बसायची न्हाईस. दीड वर्ष झालं, तुझं तोंड बघितलं न्हाई. फोन करतेस तो चालत्या गाडीतून. निम्मं बोलणं वाऱ्यात जातं, आणि 'आत्या, नंतर करते' म्हणून ठेवून देतेस. ते तुझं 'नंतर' कधी आलंय का? असं वागतात का घरच्या माणसाशी? कान पिळायला पायजे तुझा, पण हात पोचत न्हाई तिथवर.

हे मी तुझ्यासाठीच लिहून राह्यले. पण आमच्या विहारातल्या बायांनी आठवणींचं एक पुस्तक काढायचं ठरवलंय, आणि हे त्यात छापायचंय. म्हणून तुला ठाऊक असलेलं बी परत सांगणार. वाचणाऱ्यांना कळायला नको का, तू कोण, मी कोण, आणि आपल्यात बिनसलं कशावरून. नावं मात्र कुणाचीच लिहीत न्हाई. गावाचं बी न्हाई. भोकरदनहून काळीपिवळी जीपनं अर्ध्या तासावर आहे, एवढं पुरं.

तर तू माझ्या धाकट्या भावाची लेक. भाऊ संभाजीनगरात मास्तर होता. तुला शिकायला पुण्याला धाडलं, आणि तू शिकायचं सोडून गाणारी झालीस. रॉक गातेस. त्यात बी ते नेहमीचं न्हाई, वेगळ्या वाटेचं रॉक. वेगळी वाट म्हंजे कोणती, मी विचारलं होतं. तू म्हणालीस, जे लग्नात वाजत न्हाई आणि रेडिओवर लागत न्हाई, ते. मी म्हटलं, मंग आपली बी गाणी तीच की. तेव्हा तू पोट धरून हसलीस, आणि मी बी हसले. त्या वेळी आपलं गोडीगुलाबीचं होतं.

आता आक्काचं सांगते. आक्का म्हंजे माझी थोरली जाऊ. तू तिला मोठी आत्या म्हणायचीस. गाव तिला ओळखायचं ते आवाजावरून. दर पौर्णिमेला विहारात आम्ही बाया गायचो. एक पेटी, एक ढोलकी, टाळाच्या दोन जोड्या आणि अकरा बाया. आक्का पुढं म्हणायची, बाकीच्यांनी मागनं धरायचं. पेटी वाजवणारीला दोनच चाली यायच्या. तिसरी चाल आली की ती हात मांडीवर ठेवून गप बसायची, आणि आक्का तशीच गात राह्यची, बिनपेटीची.

तू सुट्टीत यायचीस तेव्हा आठ-नऊ वर्षांची होतीस. आमच्यात येऊन बसायचीस, टाळ हातात घेऊन. टाळ चुकवायचीस, सूर मात्र बिलकुल चुकवायची न्हाईस. आक्का म्हणायची, "हिच्या गळ्यात आपल्यापेक्षा जागा जास्त हाय." मला जरा वाईट वाटायचं, खरं सांगते. मी तिच्याजवळ तीस वर्षं बसून गायले, मला कधी असं म्हणाली न्हाई.

आणि एक गोष्ट तिनं तुला शिकवली होती. ती तुला आठवत न्हाई असं म्हणू नको, कारण तुझी वेणी धरून शिकवलेली आहे. एकदा पाहुण्यांनी तुला गाणं म्हणायला लावलं. तू दोन कडवी म्हटलीस आणि पळालीस खेळायला. आक्कानं ओसरीवरच वेणी धरली. पाहुण्यांसमोर आणून उभी केली आणि म्हणाली,

"नाव घेतल्याबिगर गाणं खाली ठेवायचं न्हाई. कुणाचं तरी लेकरू असतं ते."

वाचणाऱ्यांना सांगते. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्याचं नाव येतं. वेळ कमी असला तर मधली दोन कडवी गाळली तरी कुणी काही म्हणत न्हाई. एखादी ओळ विसरली तर मागच्या बाया सांभाळून घेतात. पण शेवटचं कडवं गाळायचं न्हाई. ते गाळलं की चोरी झाली. ऐकणारा माणूस बी नाव येईस्तोर उठत न्हाई. नाव आलं की मंग चपला शोधतो. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं न्हाई. पण आमच्यातल्या शेंबड्या पोराला बी ते ठाऊक असतं. तुला बी होतं.

आता ते गाणं.

मिरची तोडिता बाई बोटं पेटली,
पेटल्या बोटाला मला पाटी भेटली.

पुढं आणखी चार कडवी आहेत. हिरवी मिरची दिवसभर तोडली की बोटं अशी भाजतात की ताकात बुडवून बसावं लागतं. डोळ्याला हात लावायची सोय न्हाई. लेकराला पाजायची बी चोरी. मी आणि आक्का दोघी जायचो तोडायला. त्याच वर्षी विहारात बायांसाठी शिकायचा वर्ग निघाला. दिवसभर मिरची, आणि दिवे लागले की पाटी. शिकवणाऱ्या बाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, प्रत्येकीनं आपापलं नाव लिहायचं. मी माझं लिहिलं, वाकडंतिकडं. आक्का माझ्या बाजूला बसलेली. तिनं बी लिहिलं. मी वाकून बघितलं तर ते तिचं नाव न्हाई. म्हंजे आमच्या घरात जे होतं ते न्हाई. ते तिचं माहेरचं होतं.

तिच्या आधीची दोन भावंडं जगली न्हाईत. म्हणून तिच्या आईनं मुद्दाम तसलं नाव ठेवलेलं, की मरण आलं तरी नाक मुरडून पुढं जावं. उकिरड्यावरचं नाव. ऐकलं की माणसाला हसू येतंच. दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी तसली नावं टाकून दिली, आणि ते बराबर केलं. सासूनं तर लग्नाच्या मांडवातच तिचं नाव बदललं आणि चांगलं, शांत, विहारात शोभंल असं ठेवलं. सासूचा काही दोष न्हाई त्यात. तिला वाटलं, सुनेच्या अंगावरची घाण पुसली.

शिकवणारी बाई म्हणाली, हजेरीत तर दुसरं नाव आहे तुमचं. आक्कानं तळहातानं पाटी पुसली आणि तोच हात डोळ्याला लावला. मिरचीचा हात. पाणी यायला लागलं. सगळ्या बाया तिला हसल्या, की येडी आहे, हात न धुता डोळे चोळून राह्यली. मी तिला घेऊन हौदावर गेले. तिथं ती म्हणाली, "नवं नाव चांगलं हाय गं. पण मला आई ज्या नावानं हाका मारायची, ते मी कुठं ठिवू?"

मंग तिनं ते गाण्यात ठेवलं. चार कडव्यांत मिरची, पाटी, अंगठा, सही. आणि पाचव्या कडव्यात पाटीवर तिनं काढलेलं पहिलं नाव. अख्खं गाणं त्या नावाकडं चालत जातं, बाई. तिथं चाल वर चढते, नाव येतं, आणि मंग गाणं खाली बसतं.

पण ते तिचं आहे हे तिनं कुणाला सांगितलं न्हाई. विचारलं तर म्हणायची, पल्याडच्या गावची कुणी जुनी बाई होती, तिचं गाणं. लोक हसतील ही भीती. पुढं पोरं शिकली, धाकटा शाळेत मास्तर झाला. मंग तर पोरांना लाज वाटंल ही भीती. मला म्हणाली होती, सांगू नको. मी सांगितलं न्हाई. चाळीस वर्षं त्या जुन्या बाईची थाप मी बी मारली. इतकी मारली की तोंडात बसली.

आक्का जाऊन आता चार वर्षं होतील. गेलेल्याच्या नावानं वंदना करतात त्या पुण्यानुमोदनाला तू आल्तीस. काळा सदरा घालून आल्तीस म्हणून बाया कुजबुजल्या, तर मी त्यांना दटावलं. त्या दिवशी मी हे गाणं म्हटलं. तू भिंतीला टेकून रडलीस. मला वाटलं, हिला कळलं.

त्या वेळी तुझं चाललं होतं काय, तर तुमचा तो पोरांचा ताफा मोडला होता. दोन गिटारवाले, एक ढोल बडवणारा, एक आणखी कोण तो, आणि मधी तू. सहा वर्षं एकत्र गायलात आणि मंग भांडलात. कशावरून, ते तू सांगितलं न्हाईस. गाणं कुणी केलं आणि नाव कुणाचं लागलं यावरून, असं तुझ्या बापानं सांगितलं. तेव्हा तू फोनवर किती रडली होतीस. "आत्या, शब्द माझे होते, चाल माझी होती, आणि छापताना माझंच नाव खाली गेलं." तुझ्याच तोंडचे शब्द आहेत. मी ते विसरले न्हाई. तू विसरलीस.

मंग तू म्हणालीस, आता सोलो. सोलो म्हंजे एकटं. मला काही झोप लागंना. आमच्यात एकटं कुणी गातच न्हाई. मागनं धरणारं नसलं तर पुढच्यानं श्वास घ्यायचा कधी? पण तुझे फोटो यायला लागले मोबाइलवर, तर दर फोटोत तू आणि दुसरं कुणीतरी. एकदा एक सारंगीवाला. एकदा कुठल्याशा परदेशातली बाई, तिला मराठीचं एक अक्षर येईना, तरी तुझ्याबराबर मराठी गायली. एकदा तो केस वाढवलेला गिटारवाला, जो पुढं आपल्या मुळावर आला. मी पुतण्याला, आक्काच्या धाकट्याला, विचारलं, "अरे, ही एकटी गाती म्हणती, मंग हे रोज नवं बिऱ्हाड कशाला?" तो म्हणाला, "काकू, त्याला कोलॅब म्हणतात. दोघांची नावं लागतात, दोघांचे ऐकणारे ऐकतात." मी म्हटलं, बरं हाय. दोघांची नावं लागत असतील तर बरं हाय.

तर पुण्यानुमोदनानंतर दोन वर्षांनी तू मशीन घेऊन आलीस. बराबर एक दाढीवाला माणूस, कानाला डबे लावलेला. विहाराची दारं लावली, पंखे बंद केले. खिडकीला माझ्या गाद्या बांधल्या, शेजारच्या मोटारीचा आवाज येऊ नये म्हणून. घामानं मी न्हाऊन निघाले. तू माझा हात धरून म्हणालीस, "आत्या, हे आपल्या दोघींचं गाणं. तुझा आवाज आणि माझा." मला काय वाटलं सांगू? तीस वर्षं मागं बसून गायलेली बाई मी. मला पहिल्यांदा कुणी पुढं बसवलं. फुगले मी. ते बी लिहिलं पायजे, ते लपवत न्हाई.

तीनदा गायले. तिन्ही वेळा अख्खं, शेवटच्या कडव्यासकट. दाढीवाला बी चांगला माणूस, मान हलवत होता. मंग त्यानं कानाचे डबे काढले आणि विचारलं,

"आजी, शेवटी ते नाव येतं ना, ते कुणाचं आहे? लिहावं लागतं आम्हाला."

पुतण्या दारात चहा घेऊन उभा होता. इस्तरीचा शर्ट, खिशाला पेन. त्या नावाला तो आत्ताच जरासा हसलेला मी बघितला होता. आणि माझ्या तोंडून निघालं,

"काय की बाबा. पल्याडच्या गावची कुणी जुनी बाई असंल."

तो म्हणाला ठीक आहे, आणि काहीतरी लिहिलं. तू माझ्याकडं बघितलंस. मी चहा घेतला.

एवढंच झालं. एका कपाच्या चहाएवढ्या वेळात झालं. चाळीस वर्षं ती थाप आक्काला झाकायला मारली, ती त्या दिवशी तिला पुसायला उपयोगी पडली. आक्का जिती होती तवर त्या थापेमागं ती स्वतः बसलेली होती. आता मागं कुणीच न्हाई, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या वयाच्या बाईच्या ध्यानात यायला पायजे होतं.

गाणं निघालं. पुतण्यानं मोबाइल माझ्या कानाशी धरला. सुरुवातीला माझा आवाज, पण लांबून, रिकाम्या डब्यातून आल्यासारखा. मंग गिटार. मंग तू. काय गायलीस गं! खोटं कशाला बोलू, 'बोटं पेटली' म्हणताना तुझा आवाज असा फाटला की माझ्या बोटांना चटका बसला. मी डोळे मिटून बसले, पाचव्या कडव्याची वाट बघत. चौथं कडवं झालं. मंग 'बोटं पेटली, बोटं पेटली' असं आठ वेळा ओरडणं झालं. आणि संपलं.

मी म्हटलं, "पुढचं लाव." पुतण्या म्हणाला, "काकू, एवढंच हाय." आणि मंग त्यानं खालचं वाचून दाखवलं, मोठ्या कौतुकानं. "बघा, आवाज म्हणून तुमचं नाव टाकलंय. गिटारवाल्याचं हाय. मशीनवाल्याचं बी हाय. आणि गीत, पारंपरिक."

पारंपरिक. म्हंजे कुणाचंच न्हाई. जिच्या पोटचा तो, तिच्याच गाण्याखाली तो वाचून दाखवत होता की हे कुणाचंच न्हाई, आणि खुश होता. मी काय बोलू त्याला? त्याला ठाऊकच न्हाई. ज्या बाईला ठाऊक होतं तिचं नाव तर ठळक लागलेलं.

तुला फोन केला तो दिवस तुला आठवत असंल. मी आधी चिडले. म्हटलं, शेवटचं कडवं कुठं गेलं? तू म्हणालीस, गाणं लांब होत होतं, चार मिनिटांच्या वर लोक ऐकत न्हाईत. मी म्हटलं, मंग दुसरं गाळायचं, तिसरं गाळायचं. वेणी धरून शिकवलं होतं तुला. तू म्हणालीस,

"आत्या, तूच म्हणालीस ना, कुणीतरी जुनी बाई. मला वाटलं, कुणाचं काही जात न्हाई."

तेव्हा सांगितलं मी तुला. सगळं. पाटी, हौद, उकिरडा, सासू, चाळीस वर्षांची थाप. मंग तुझा आवाज आला, अगदी लहानपणीचा. "मोठ्या आत्याचं होतं?" आणि मंग तू म्हणालीस की निघालेलं गाणं आता बदलता येत न्हाई, त्यात दुसऱ्यांचा बी हात आहे. पण पुढच्या महिन्यात संभाजीनगरात कार्यक्रम आहे, तिथं पाचवं कडवं म्हणशील. नावासकट. आणि कुणाचं नाव ते लोकांना सांगशील. "तू ये आत्या. तुला पहिल्या रांगेत बसवते."

मी आले. पांढरी साडी इस्तरी करून घेतली. भोकरदनहून बसनं आले, तुझ्या बापाकडं जेवले, आणि दिवे लागायच्या वेळी त्या मैदानात जाऊन बसले. पहिल्या रांगेत मी एकटीच बसलेली, बाकी सगळी पोरं उभी. ती पोरं काय नाचली! 'बोटं पेटली' आलं की हात वर करून सगळी मैदानभर ओरडायची. हसू आलं आणि राग बी. त्यातल्या एकानं तरी मिरचीचं झाड बघितलं असंल का? ताकात बोटं बुडवून रडलेली बाई बघितली असंल का? पण मी मनाला म्हटलं, असू दे. ओरडू दे. आत्ता नाव येईल आणि ही सगळी पोरं ते नाव ओरडतील. आक्काच्या आईनं मरणाला फसवायला ठेवलेलं नाव, एवढी पोरं एका दमात.

चौथं कडवं झालं. वाजवणारे थांबले. तू माइक तोंडाशी धरलास. माझ्याकडं बघितलंस, बराबर माझ्याकडं. श्वास घेतलेला मला दिसला. आम्ही बी तिथं तसाच श्वास घेतो, कारण पुढं चाल वर चढते. मी तर खालून ओठ हलवले, मागनं धरायला.

तू माइक खाली घेतलास आणि त्या केसवाल्याकडं मान हलवलीस. त्यानं गिटार वाजवली. बरीच वाजवली. बराबर त्या जागी वाजवली, जिथं नाव येतं. पोरांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. गाणं संपलं.

नंतर मी मागं आले, कनातीच्या आत. तू एका पेटाऱ्यावर बसलेली होतीस, तोंड पुसत. मला बघून उठलीस आणि परत बसलीस. मी म्हटलं, विसरलीस का? तुला वाट काढून देत होते मी, कळतंय का? विसरले म्हणाली असतीस तर मी घरी जाऊन झोपले असते. पण तू माझ्यासारखी थापाडी न्हाईस. खाली बघून म्हणालीस,

"लोक हसतील, आत्या."

मी चहाच्या कपाला भिऊन जे केलं, तेच तू एवढ्या मैदानाला भिऊन केलंस. तुझ्या कानफटात मारायला हात उचलावा तर आधी तो माझ्याच गालावर यायला पायजे. तू जेव म्हणालीस, मी जेवले न्हाई. गाडीनं सोडते म्हणालीस, मी रिक्षानं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. सिल्लोड आलं तरी 'बोटं पेटली' कानातनं जाईना. बसमधल्या एका पोरीच्या मोबाइलवर बी तेच वाजून राह्यलं होतं. मी खिडकीकडं तोंड केलं.

पण एक काम केलं मी. ते तुला ठाऊक न्हाई, म्हणून तर एवढं लिहिलं.

पुढच्या पौर्णिमेला विहारात गाणं म्हटलं. आता अकरातल्या सातच बाया उरल्यात. पाचव्या कडव्यात नाव आलं, आणि मी तिथं थांबले. पेटीवाली माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं, ऐका, ही पल्याडच्या गावची जुनी बाई बिई कुणी नव्हती. ती थाप होती. हे आपल्या आक्काचं माहेरचं नाव, आणि गाणं तिनं केलेलं. इथंच, या फरशीवर बसून पाटीवर तिनं ते लिहिलं होतं.

दोघी हसल्या. खरंच हसल्या, तोंडाला पदर लावून. तिसरीनं तर ते नाव परत उच्चारून बघितलं आणि मंग तिला बी हसू आलं. पुतण्या मागं बसलेला होता, त्यानं मान खाली घातली. तुला जी भीती होती ते सगळं झालं बघ. मी त्या दोघींकडं बघत राह्यले. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. मंग मी ती ओळ परत घेतली, आणि त्यांनी मागनं धरली. आक्काचं खरं नाव त्यांनी पहिल्यांदा ती आक्का म्हणून घेतलं. गाणं संपलं, बायांनी चपला शोधल्या, घरी गेल्या. कुणी मेलं न्हाई त्यात.

पुतण्या तीन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. चौथ्या दिवशी दारात आला. म्हणाला, "काकू, आईनं मला का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, तू हसला असतास म्हणून. तो 'न्हाई हसलो असतो' असं म्हणाला न्हाई. शिकलेला आहे, पण खोटा न्हाई. ओसरीवर बसला, बराच वेळ खिशातलं पेन उघडत-झाकत बसला, आणि मंग निघून गेला. अजून तेवढंच आहे आमचं.

आता तू म्हणशील, एवढं रामायण लिहिलं आणि नाव मात्र इथं बी लिहिलं न्हाई. म्हातारे, मंग तू काय वेगळं केलंस? बराबर आहे तुझं. पण इथं लिहिलं तर कुणीतरी कुठंतरी वाचील आणि हसंल, आणि ते मला दिसणार न्हाई. समोर हसणाऱ्या माणसाकडं बघत बसता येतं, त्याचं हसू ओसरेस्तोर. कागदाला ते जमत न्हाई. शिवाय जिनं गाळलं तिनंच ते घालावं, असं मला वाटतं. मी गाळलं होतं, मी घातलं. आता तुझी पाळी.

तुझी आणखी गाणी निघून राह्यलीत, पुतण्या ऐकवतो. आता म्हणे कुणा नव्याबराबर गातेस. चांगलं गातेस, कशाला न्हाई म्हणू. पण कुठलं बी कडवं संपून जिथं तू श्वास घेतेस, तिथं मला दर वेळी तुझं ते मैदानातलं तोंड दिसतं. मंग मी म्हणते, बंद कर.

माझा आवाज बी आता जाऊन राह्यलाय, बाई. वरच्या जागी पोचत न्हाई. पाचव्या कडव्याची चढण मला गेल्या पौर्णिमेला जमली न्हाई. पेटीवालीनं माझ्याकडं बघितलं आणि भाता दाबून माझं झाकलं. आणखी एक-दोन पौर्णिमा. मंग त्या जागेची चाल कशी ते सांगायला कुणी उरणार न्हाई. तुझ्या मशीनमधी माझा आवाज असंल, पण चुकलं तर टोकायला मशीनला येत न्हाई. बाकीच्या सहाजणी मागनंच धरणाऱ्या आहेत.

म्हणून जल्दी ये. फोन करू नको, फोनवर मी ती चाल देणार न्हाई. मिरचीची तोडणी चालू झाली आहे. सकाळी माझ्याबराबर दोन वाफे तोड आणि संध्याकाळी विहारात ये. दाढीवाल्याला आणायचं तर आण, केसवाल्याला आणू नको. भोकरदनला उतरलीस की रसवंतीजवळ थांब. पुतण्या मोटारसायकल घेऊन येईल, त्याला मी सांगून ठेवलंय, आणि तो हो म्हणालाय. ताक करून ठेवते. ये.